गोड्या पाण्याची लाईन

हे लिहायचं मी सात वर्षं टाळलं. मध्ये दोनदा वही उघडली, पेन चालतो का ते पाहिलं आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेलो. पण आमच्या घरात नळाचं काही काम निघालं की बायको हमखास म्हणते, "मिस्त्री सोन्यासारखा माणूस होता. त्या फ्रिजच्या वक्ती तेवढा चुकला." मी नुसतं "हं" म्हणतो. परवा तिनं हेच शेजारणीला सांगितलं, आणि आतल्या खोलीत बसल्या बसल्या मी पुन्हा "हं" म्हणालो. मला कुणी विचारलंही नव्हतं.

मिस्त्री चुकले नव्हते. पण ते कोण होते हे आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांचं काय गेलं ते कळायचं नाही.

अकोल्यात नळाची कामं करणारे पुष्कळ आहेत. आमच्या कॉलनीत मात्र नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की तेच. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, दाढीला मेंदी आणि अंगात पांढरा पायजमा-सदरा. पाण्याचं, गंजाचं, चिखलाचं काम करायला पांढरा पायजमा घालून येणारा आणि संध्याकाळी तो पांढराच घरी नेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आमच्याकडे जमिनीतलं पाणी खारं आहे. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तोट्यांवर पांढरी खपली धरते. नळाचं पाणी गोडं, पण ते चार-पाच दिवसांनी येतं, कधी आठ दिवसही लावतं. म्हणून पुष्कळांच्या गच्चीवर असतात तशा आमच्याही गच्चीवर दोन टाक्या आहेत. काळी खाऱ्या पाण्याची, पांढरी गोड्या पाण्याची. मिस्त्री कोणत्याही घरी गेले की आधी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग थुंकून निकाल द्यायचे.

"वैनी, हे गुरुवारचं पाणी हाये. टाकी धुवा."

किंवा, "यात बोअर मिसळून राहिली. थोडीशीच हाये, पण हाये."

कुठून मिसळते ते शोधल्याशिवाय ते चहा घेत नसत. माझ्या माहितीत तरी त्यांची जीभ कधी चुकली नाही. त्यांची प्रौढी एकच होती, आणि ती ते बिनदिक्कत मिरवायचे. "माह्या लाईनीत खारं-गोडं कधी एक झालं नाही. कोणालेही इचारा."

माणसांशी ते वऱ्हाडी बोलायचे आणि पाइपांशी हिंदी. एखादा आटा गंजून बसला की पान्यावर जोर देत त्यांचं सुरू व्हायचं, "क्या नाटक है बे तेरा? अं? सुबह से देख रहा हूँ." आटा सुटला की, "शाब्बास. ऐसा अड़ के बैठते क्या घर में?" माझी बायको स्वयंपाकघरातून हसायची. म्हणायची, एवढ्या प्रेमानं तुम्ही कधी वर्गात तरी बोलला होता का?

मी कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे मिस्त्री मला 'सर' म्हणत आणि माझं काही ऐकत नसत.

भिंतीत जोड घ्यायचा नाही हा त्यांचा दुसरा हट्ट. "जोड डोयासमोर पायजे. भिंतीत जोड गाडला म्हंजे मुडदा गाडला. आज ना उद्या वास येतेच." एका डॉक्टरांच्या नव्या बंगल्यावर त्यांना बोलावलं होतं. प्यायच्या पाण्याची लाईन संडासाच्या लाईनीला खेटून नेलेली पाहिली आणि त्यांनी पिशवी उचलली. डॉक्टर म्हणाले, "अहो, दोन्ही पाइप बंद आहेत, काय फरक पडतो?" मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरसायेब, तुमी मोरीत बसून जेवता का? ताट झाकलेलं असलं तरी?" आणि सायकलवर बसून निघून आले.

अशा माणसाकडे आमच्या फ्रिजचं काम आलं.

मी सत्तरीचा झालो त्या वर्षी मुलानं पुण्याहून दोन दारांचा फ्रिज पाठवला. त्याच्या दारातूनच गार पाणी आणि बर्फ मिळतो, पण त्यासाठी फ्रिजला पाण्याची लाईन जोडावी लागते. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे. सोबत नळी येते, ती सिंकखाली जोडायची, झालं." फोनचा आवाज मोठा होता. मिस्त्री शेजारीच उभे होते. ते फोनकडे तोंड करून म्हणाले, "सायेब, अर्ध्या तासात तं माही पाण्यासंग वळख बी होत नाही."

पहिल्या दिवशी ते पाणी चाखून, फ्रिजच्या पाठीमागून बोट फिरवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी हत्याराची पिशवी न घेताच आले आणि बायकोला म्हणाले, "वैनी, तुमी सैपाक करा. मी पायतो."

"काय पायता?"

"तुमी कोठी पाय देता ते."

तासभर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. ती पोळ्या लाटत होती, डब्यांकडे जात होती, ओट्याशी परत येत होती, आणि मिस्त्री तिच्या मागे फरशीवर खडूनं खुणा करत होते. शेवटी फरशीवर एक पायवाट उमटली. "या रस्त्यानं नळी नेता येत नाही," ते म्हणाले. "अन् फ्रिजच्या मांगं नळीले चांगला मोठा वळसा ठेवा लागते. फरशी झाडाले फ्रिज पुढं ओढला तं नळी ताणली नाही पायजे." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "बत्तीस वर्षांपूर्वी घर बांधलं, तवा ह्यायनं नाही इचारलं बरं, मी कोठी पाय देते ते." त्या दिवसापासून मिस्त्रींसाठी आमच्या घरी ठेचा वेगळा काढून ठेवला जाऊ लागला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक लोटा मागितला. तोटी पूर्ण उघडून तो भरला आणि भरेपर्यंत आकडे मोजले. तीन वेळा. मग मान हलवली. "या लाईनीत जोर नाही. फ्रिज पाणी ओढणार नाही." मला राहवलं नाही. मी कागद घेतला, टाकीची उंची लिहिली, दाब किती येईल ते काढून दाखवलं. दाब पुरेसा होता. मिस्त्रींनी कागद आदरानं पाहिला आणि घडी करून मला परत दिला.

"सर, तुमचं पुस्तक टाकीची उंची मोजते. पाइपात तीस वर्साचा गंज बसला, तो कोनं मोजावा?"

जुना पाइप कापला तेव्हा आतलं भोक माझ्या करंगळीएवढं उरलं होतं. मी करंगळी घालून पाहिली.

म्हणून त्यांनी पांढऱ्या टाकीपासून नवीन लाईन आणली. भिंतीच्या बाहेरून, खिडकीच्या कोपऱ्यातून आत, ओट्याखाली फिल्टर आणि एक लहानसा पंप, तिथून फ्रिज. प्रत्येक जोड डोळ्यासमोर. राहिला होता फक्त गच्चीवरचा कॉक.

आमच्या दोन टाक्यांना जोडणारा एक आखूड पाइप जुन्या काळापासून आहे. त्यावर पितळी कॉक. गोडं पाणी संपलं की तो उघडायचा, म्हणजे काळ्या टाकीतलं खारं पाणी पांढरीत येतं आणि निदान भांडी तरी घासता येतात. मिस्त्रींना तो पाइपच कापून टाकायचा होता. बायको नको म्हणाली. नळ आठ आठ दिवस येत नाही, तेव्हा काय करायचं? मीही तिचीच बाजू घेतली. शेवटी मिस्त्रींनी कॉक बंद केला, त्याची दांडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"हे देवघरात ठेवा सर. तथी तुमी हात धुऊनच जाता. तेवढ्या वेळात इचार करता येते."

लाईन सुरू झाली त्या दिवशी त्यांनी पहिले कितीतरी पेले मोरीत ओतून दिले. मग एक पेला भरून चाखला, डोळे मिटले, आणि तो पेला पूर्ण प्यायले. चाखून थुंकणारा माणूस पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पायरीवर बसून ते म्हणाले, "सर, एक मनातली गोष्ट सांगू का? चाळीस वर्सं झाली, लोकायच्या चुका दुरुस्त करून राहिलो. एक बिल्डिंग पायजे होती मले. पायापासून. पहिली वीट बसाच्या आंधी पाणी कोठून जाईन ते मी काढलं असतं." आणि पिशवीतून त्यांनी शाळकरी चित्रकलेची वही काढली. चार मजल्यांची एक इमारत होती. भिंती पुसट, शिसपेन्सिलीच्या. गोड्या पाण्याचे पाइप निळे, खाऱ्याचे तपकिरी. निळा आणि तपकिरी कुठंही एकमेकांना शिवले नव्हते. ती इमारत कुठंच नव्हती. जवानीत अमरावतीला उस्तादाकडे काम शिकत असताना त्यांनी ती काढायला घेतली होती, तेव्हापासून सुधारत होते.

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ अमरावतीला इमारती बांधतो. तेव्हा त्याची नवी इमारत पायाच्या पातळीवर होती. मी तिथेच, मिस्त्रींसमोर त्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊजी, तुमी म्हंता तं पाहून घेतो. रविवारी जेवाले येतो, तुमच्या फ्रिजची लाईनच दाखवा मले."

मिस्त्रींनी विचारलं, "मी येऊ का रविवारी?"

"नको. तुमचं कामच बोलेल."

"तं मंग मी घरीच बसतो. बलावसान तं येतो."

रविवार आला आणि नळ नऊ दिवस झाले तरी आला नव्हता. पांढरी टाकी सकाळीच कोरडी पडली. माठात प्यायचं पाणी होतं, चिंता नव्हती. पाहुण्याला फक्त सांगायचं होतं, 'नळ आला नाही, लाईन नुसतीच पाहा.' अकोल्यात हे वाक्य बोलायला कुणालाही लाज वाटत नाही. मला वाटली. मिस्त्रींचं काम चांगलं दिसावं म्हणून, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला माझ्या साळ्यासमोर माझ्या मुलानं पाठवलेल्या फ्रिजचं दार दाबायचं होतं.

दांडी देवघरात होती आणि देवघरात बायको पूजेला बसली होती. मी पकड घेऊन गच्चीवर गेलो. मनाशी हिशेब केला, पाइपाच्या तोंडाखाली, टाकीच्या तळाशी थोडं गोडं उरलेलं असणार, त्यात थोडं खारं गेलं तर जिभेला कळायचं नाही. पकडीनं कॉक फिरवला. दोनदा निसटली. पाणी पडल्याचा आवाज आला, शंभर मोजले आणि कॉक पुन्हा फिरवून बंद केला. खाली येऊन फ्रिजमधून पाणी येतंय ना ते पाहिलं. चाखणार तेवढ्यात फाटक वाजलं.

साळ्याच्या पेल्यात आधी बर्फ पडला, मग पाणी. तो खुश झाला. एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावला.

"भाऊजी, हे तं बोअर हाये!"

बायकोनं चाखलं. तिचा चेहरा उतरला. "बापा! मिस्त्रीनं खारं-गोडं एक करून ठेवलं का?"

दोघंही माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "बोलावतो त्याला."

मिस्त्री दहा मिनिटांत आले. इस्त्रीचा सदरा होता, दाढी विंचरलेली होती. त्यांना वाटलं, कामासाठीच बोलावलं. साळ्यानं पेला पुढं केला. मिस्त्रींनी घोट घेतला आणि फार वेळ तोंडात धरून ठेवला. मग ते गच्चीकडे निघाले. मागून मी.

कॉकवर पकडीच्या दातांचे ताजे ओरखडे होते. पितळ तेवढ्या जागी सोन्यासारखं चमकत होतं. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून पाना काढला आणि कॉक थोडा आणखी वळवला.

"पाव फेरा उघडा रायला होता," ते म्हणाले. बोलले कॉकशी, पण मराठीत. म्हणजे ते मला होतं.

मी गप्प राहिलो. आम्ही दोघंच होतो, खाली कुणाला ऐकू गेलं नसतं, तरीही.

खाली येऊन त्यांनी हात पुसले आणि साळ्याला म्हणाले, "माही चूक हाये सायेब. कॉक बराबर बसला नव्हता. आतून पाझरला."

"लय तारीफ आयकली होती बाप्पा तुमची."

"तारीफ सरायनं केली. चूक माही हाये."

"बरं. पाहू मंग," साळा म्हणाला. त्या 'पाहू'चा अर्थ चौघांनाही कळला.

मी मिस्त्रींना फाटकापर्यंत सोडायला गेलो. सायकलीला पिशवी अडकवत ते हळूच म्हणाले, "सर, कॉक पकडीनं फिरवत नसतेत. पितळ नरम रायते, दात बसतेत." त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. वर्गात चुकलेल्या पोराला मी कधी कधी ज्या आवाजात समजवायचो, तो आवाज होता. मी म्हणालो, "चहा घेऊन गेला असतात."

"आज नाही," ते म्हणाले.

त्यांनी असं का केलं हे मला कळायला वेळ लागला. लोकांच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं वावरलेला माणूस काय पाहायचं आणि काय पाहिलं नाही म्हणायचं, हे शिकलेला असतो. बायकोच्या भावासमोर घरच्या माणसाची मान खाली जाऊ द्यायची नाही, ही त्यांची रीत. त्या रीतीत त्यांनी स्वतःची इमारत देऊन टाकली, आणि मी ती घेतली.

अमरावतीचं काम दुसऱ्याला मिळालं. कॉलनीत गोष्ट पसरली. बायकोनं वाईट हेतूनं सांगितली नव्हती; तिच्या दृष्टीनं ती खरीच होती. मिस्त्री किरकोळ कामांना येत राहिले, पण लोक आता त्यांना गमतीनं विचारायचे, "काय मिस्त्री, कॉक बराबर बसला ना?" ते हसायचे. 'माह्या लाईनीत' हे शब्द मात्र त्या रविवारनंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. दोन वर्षांनी गुडघे गेले आणि ते बार्शीटाकळीला मुलीकडे राहायला गेले.

गेल्या पावसाळ्याच्या आधी मी तिकडे गेलो. एसटीनं जेमतेम तासाचा रस्ता, पण मला पोचायला सहा वर्षांहून जास्त लागली. मिस्त्री अंगणात बाजेवर बसले होते. मला पाहून उठायला लागले, मी त्यांना बसवलं. मुलीनं पाणी आणलं. त्यांनी आधी स्वतः घोट घेऊन पाहिला, मग पेला मला दिला. जावई घरीच होता. तोही नळाचंच काम करतो, सासऱ्याच्या हाताखाली शिकलेला. मिस्त्रींनी त्याला सांगितलं, "हे आपले अकोल्याचे सर. फिजिक्स के."

जावई हसला. "वो फ्रिजवाले? अब्बा, तुमारे हाथ से बी तो एक बार खारा-मीठा एक हो गया था ना! इनकेच घर में ना?"

म्हणजे घरीही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. ज्यांना सांगून त्यांचं काही बिघडणार नव्हतं आणि माझंही फारसं बिघडणार नव्हतं, त्यांनाही नाही. त्यांच्याच अंगणात, त्यांनीच शिकवलेला जावई त्यांना त्यांच्या एकुलत्या एक चुकीवरून चिडवत होता, आणि ती चूक त्यांच्या समोर बसून त्यांच्या हातचं पाणी पीत होती.

मी पेला खाली ठेवला. तोंड उघडलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या आधी तेच बोलले, "हाँ, हो गया था. अब सर को चाय पिलाएगा के बातां में रखेगा?" जावई आत गेला. मग मला म्हणाले, "वैनी कशा हायेत? अजून ठेचा तसाच करतेत का?"

मी म्हणालो, तसाच करते. आम्ही ठेच्यावर बोललो, गुडघ्यांवर बोललो, माझ्या मोतीबिंदूवर बोललो. चहा झाला. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, आता. तेवढ्यात जावयानं मोटारसायकल सुरू केली, मला स्टँडवर सोडायला.

हिवाळ्यात त्या जावयाचाच फोन आला. मिस्त्री जाऊन पंधरा दिवस झाले होते. "अब्बा के फोन में आपका नंबर था सर, म्हून सांगतलं." मी हळहळलो, दोन शब्द बोललो. मिस्त्रींना सांगायचं राहिलेलं ते त्यालाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आता हे लिहून झालं की आधी बायकोला वाचायला देणार आहे. मग एक प्रत बार्शीटाकळीला पाठवीन. पण मला जे बोलायचं होतं, ते ज्यांच्यासाठी होतं त्यांना आता पोचणार नाही. बार्शीटाकळीला जाताना एसटीत बसून मी ते पाठ केलं होतं, विसरू नये म्हणून ओठ हलवत. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारा जप करतोय. एवढंच होतं:

मिस्त्री, कॉक मी उघडला होता. तुम्हाला ते माहीत आहे, पण मी ते चार माणसांत कधी बोललो नाही. तुमच्या लाईनीत खारं-गोडं कधी एक झालं नाही. मला माफ करा.